या, या, अजून येऊ द्या

परवा भर दुपारी बेळगावच्या खडे बाजाराच्या मागच्या बोळात रिव्हर्स घेताना मी गाडी सिमेंटच्या खांबावर नेऊन घातली. मागचा उजवा दिवा फुटला, बंपर चेपला, एवढंच. माणसं असल्या गोष्टी चहा पिऊन विसरतात. मी विसरायला तयार नाही, कारण एकेकाळी मी गरागरा फिरणाऱ्या अंतराळस्थानकाच्या फटीत यान अलगद घालत असे, आणि तेही मागं कुणी 'या या' म्हणणारा नसताना.

गेमचं नाव 'एलिट'. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजमधल्या दोन पोरांनी 1984 साली तो बीबीसी मायक्रो नावाच्या कॉम्प्युटरवर केला. यंत्राची अख्खी मेमरी 32 केबी. त्यात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत 256 ग्रह. एवढ्यांची नावं आणि बाजारभाव ठेवायला जागा कुठली? म्हणून सगळं एकाच आकड्यातून गणितानं काढलेलं. पोरांना आकाशगंगा याहून कितीतरी जास्त हव्या होत्या, प्रकाशकांनीच आठवर आणलं. माझ्या फुटक्या दिव्याचा मुलीनं काढलेला फोटो चार एमबीचा आहे. तेवढ्यात सव्वाशे बीबीसी मायक्रो भरतात. आणि तिनं तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलाय.

मला हा गेम भेटला टिळकवाडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात, 1990 च्या सुमारास, पीसीवर. चपला बाहेर काढून, पाय पुसून आत जायचं. शिकायचं होतं लोटस नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, पण सर जेवायला घरी गेले की आम्ही लेव्ह ग्रहावर. खिशात 100 क्रेडिट, बुडाखाली कोब्रा मार्क थ्री नावाचं यान. शेतीच्या ग्रहावर धान्य घ्यायचं, कारखान्यांच्या ग्रहावर विकायचं, येताना कॉम्प्युटर भरून आणायचे. हे आम्हा बेळगाववाल्यांना शिकवावं लागलं नाही. सीमेपलीकडचे लोक पेट्रोल भरायला इकडे येतात, इकडचे बाटलीसाठी गोव्याकडे बघतात. भावातल्या फरकावर जगणं आमच्या रक्तात आहे.

गुलाम, अमली पदार्थ आणि बंदुका नेल्या तर मात्र पोलीस मागं लागायचे. पण एलिटमधले पोलीस आधी तुमच्या नावावर काही आहे का बघायचे, मग गोळ्या घालायचे. मागच्या मे महिन्यात गोव्याहून चोर्ला घाटानं येताना नाक्यावर माझी काजूची पिशवी उलटी करून बघितली. अर्धा किलो काजू! सीटवर सांडलेले वेचताना बायको म्हणाली, "तुझं तोंडच तसं आहे." असो.

खरी परीक्षा स्थानकात शिरताना. स्थानक स्वतःभोवती फिरत असतं, दार ग्रहाच्या बाजूला, आणि दार म्हणजे नुसती आडवी फट. समोर येऊन यानाचं नाक फटीवर धरायचं, स्थानकाच्या चालीनं आपणही गोल फिरायचं आणि हळूहळू आत सरकायचं. कोन चुकला की तुकडे. यानात भरलेला माल, दोन तासांची कमाई, सगळं गेलं. 1500 क्रेडिट टाकले की आपोआप आत नेणारा डॉकिंग कॉम्प्युटर मिळायचा. कमोडोर 64 हा कॉम्प्युटर असणाऱ्यांना तर त्या वेळी मागं स्ट्रॉसच्या वॉल्ट्झची धून ऐकू यायची. मी तो कॉम्प्युटर कधी घेतला नाही. ताठा होता.

तर, परवा. दोन स्कूटरच्या पलीकडे जागा दिसली. मी रिव्हर्स टाकला, गाडीतलं ते भजन वाजायला लागलं आणि कुठूनसे एक काका उगवले. पायजमा, पांढरी टोपी, हातात मेथीची जुडी. मी बोलावलं नव्हतं. ही माणसं बोलवावी लागत नाहीत, रिव्हर्सच्या आवाजानं येतात.

"या. या. या की ओ. भ्या नगा."

"मागं खांब आहे ना?"

"हाय की. खांब जाणार कुठं? तुम्ही या."

"स्टेअरिंग कुठं मारू?"

"माझ्याकडं."

आता 'माझ्याकडं' ही काही दिशा नव्हे. शिवाय काका एका जागी उभे नव्हते. डावीकडून बघायचे, मग मागून वळसा घालून उजवीकडून. मी त्यांच्याकडं मारायचो तोवर ते दुसरीकडं. आरशात दिसायची ती फक्त मेथी. ती वर गेली की या, खाली आली की थांबा, असं मी धरून चाललो होतो. नंतर कळलं की ते जुडीतली माती झटकत होते.

एवढ्यात समोरच्या भांड्याच्या दुकानातले मालक स्टुलावरून उठले आणि कन्नडात सुरू झाले. "बर्री, बर्री... साक्‌री! साक्‌री!" म्हणजे या, या... पुरे, पुरे! पण त्याच क्षणी काकांनी डिकीवर दोन थापा मारल्या. "सोडा! अजून वीतभर हाय!"

मी सोडलं. वीतभर नव्हतं.

आवाज झाला. काका वाकून बघून आले आणि निकाल लागल्यासारखं म्हणाले, "लागलं बगा."

"तुम्हीच या म्हणालात ना!"

"मी म्हटलं हुतं, बसत न्हाई म्हणून."

"कधी म्हटलात?"

"मनात."

यावर मी काय बोलणार? भांडेवाले मात्र पेटले. आपण वेळेत पुरे म्हणालो होतो, हे त्यांना नोंदवून हवं होतं. काका म्हणाले, "त्ये तुम्ही कन्नडात म्हणालासा. गाडीवाला मराठी हाय." भांडेवाल्यांनी नंबरप्लेटवर बोट ठेवलं. "गाडी केए 22 हाय की!" झालं. 1956 पासून निकाल न लागलेली गोष्ट माझ्या बंपरपाशी पुन्हा सुनावणीला आली. आजूबाजूला आठ-दहा माणसं जमली. दिव्याचं कुणालाच काही नव्हतं. खांब रस्त्यात का, हेही कुणी विचारलं नाही. तो म्हणे तीन वर्षं तिथंच आहे. वर तार नाही, दिवा नाही, कसला खांब आहे हे सांगता येणारा माणूस नाही. फूटपाथ खणून ठेवलाय, जागा दोन हातांची, त्यात हा. पण दोष माझ्या स्टेअरिंगचा!

एलिटमध्ये निदान मरण खासगी असायचं. काळा पडदा, आपण एकटे, आपली चूक. नंतर 1993 मध्ये 'फ्रंटियर' आला, त्यात न्यूटनचे नियम खरे. यान वळवलं तरी जात राहायचं जुन्याच दिशेनं. मी महिनाभर शिव्या घातल्या आणि सोडलं. आता मुलानं लॅपटॉपवर 2014 चा 'एलिट डेंजरस' घालून दिलाय. चाळीस हजार कोटी ताऱ्यांची अख्खी आकाशगंगा, पण स्थानकात शिरायच्या आधी परवानगी मागायची, मग ते सांगणार अमक्या नंबरच्या पॅडवर उतरा. विचारून पार्किंग! असली गोष्ट अंतराळातच शक्य आहे.

जुन्या गेममध्ये हुद्दे असत. 'हार्मलेस' म्हणजे निरुपद्रवीपासून सुरुवात, 6400 यानं पाडली की 'एलिट'. मी 'कॉम्पिटंट'पर्यंत पोचलो होतो. मग बेळगावचा पावसाळा आला, फ्लॉपीवर बुरशी चढली आणि माझा पराक्रम पांढऱ्या लवेत गेला. तिसऱ्या सेमिस्टरचं गणितही त्याच सुमारास गेलं, पण त्याला पाऊस जबाबदार नव्हता.

आणखी एक होतं त्या गेममध्ये, फ्युएल स्कूप. तो बसवला की फुटलेल्या यानांचे तरंगणारे तुकडे आणि डबे पोटात ओढून घेता यायचे. दुसऱ्याच्या अपघातावर चार पैसे.

सामान घेऊन तासाभरानं परत आलो. भांडण मिटलं होतं, भांडेवाले आणि काका एकाच स्टुलाशी चहा पीत होते. मला बघून काका उठले. हातात वर्तमानपत्राची पुडी. उघडून दाखवली तर आत माझ्या दिव्याचे लाल तुकडे, बारकेसुद्धा वेचलेले. दोन मेथीची पानं चिकटलेली.

"घ्या. फेविक्विकनं बसतंय."

मी पुडी घेतली. गाडीत बसलो, चावी फिरवली. काका मागं जाऊन उभे राहिले.

"हां, आता सावकाश म्होरं घ्या. मी हाय."