प्रभारी नेमा, निर्धास्त राहा

तुमच्या संस्थेच्या महाविद्यालयात प्राचार्यांची जागा रिकामी झाली, तर घाईघाईने जाहिरात देऊ नका. जाहिरात दिली की अर्ज येतात, अर्ज आले की निवड समिती बसवावी लागते, आणि समितीने चुकून ताठ मानेचा माणूस निवडला तर तो पाच वर्षं हलत नाही. त्यापेक्षा ज्येष्ठता यादीतले सगळ्यांत मऊ सर बघा आणि त्यांना ‘प्रभारी’ करा. प्रभारी माणूस सही करण्याआधी एकदा तुमच्याकडे बघतो. मुदतवाढीचं पत्र मात्र शेवटच्या दिवशी, तेही संध्याकाळी द्यायचं. शिस्त राहते.

महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने बिचकू नका. कलम ९७ महाविद्यालय विकास समिती मागतं. मागू द्या! अध्यक्ष तुम्ही, सचिव तुमचेच प्रभारी. वर्षातून किमान चार सभा घ्याव्यात असं त्यात आहे खरं. पण तपासणीला सभा दिसत नाहीत, इतिवृत्तं दिसतात. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती येणार कळलं की एका हुशार लिपिकाला बसवा, चार तारखा द्या आणि चार वेगवेगळी पेनं द्या. पेनं विसरू नका, लोक तिथेच सापडतात. सह्यांसाठी शिपाई घरोघर पाठवता येतो. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना तर बोलवावंही लागत नाही, ते सही करायला स्वतःच येतात.

समितीत विद्यार्थी परिषदेचा अध्यक्षही लागतो. त्या रकान्यात ‘पद रिक्त’ लिहा. विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुकीची तरतूद याच कायद्यात आहे आणि कायद्यातच सुखरूप आहे.

विद्यापीठ पातळीवर जायचं असेल, तर निवडणूक कशी थांबवावी हे मुंबई विद्यापीठाकडून शिका. तिथल्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधरांच्या जागा अवघ्या दहा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निवडणूक जाहीर झाली आणि स्थगित झाली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मतदान तोंडावर आलं आणि पुन्हा स्थगिती! यावेळी उच्च न्यायालय आडवं आलं, मतदान घ्यावं लागलं आणि दहाच्या दहा जागा एकाच संघटनेने नेल्या. म्हणजे तंत्र चांगलं होतं, पण कोर्टाला दुसरा शनिवार, चौथा शनिवार कधी असतो ते पाहून ठेवायला हवं होतं.

एवढं करूनही कधी खरी सभा घ्यावी लागलीच, तर विषयपत्रिका लांबलचक ठेवा. मागील इतिवृत्त कायम करणे, दुखवट्याचे ठराव, अभिनंदनाचे ठराव, वाचनालयातले पंखे. पंख्यांवर मनसोक्त बोलू द्या. विरोधी सदस्यांना तर आवर्जून. फीवाढ, नवी इमारत आणि कंत्राट शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ म्हणून आणा, चहा दारात आला की. सूचक-अनुमोदकांची नावं नंतर भरता येतात. तेवढी जागा टंकलेखकाला सोडून ठेवायला सांगा.