लाल-पिवळा-निळा वाल्या त्या फॉरवर्डबद्दल

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक इमेज फिरतीये, "रंगांची ५ सत्यं, प्रत्येक चित्रकाराला पाठ हवीत". त्यातलं थोडक्यात सांगते. एक, लाल पिवळा निळा हेच तीन मूळ रंग, ते मिसळून बनत नाहीत पण त्यांच्यातनं जगातला प्रत्येक रंग बनतो. दोन, काळा आणि पांढरा हे रंगच नाहीत. तीन, सावली हवी तर काळा मिसळा, उजेड हवा तर पांढरा. चार, लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती, काळा म्हणजे अशुभ, आणि हे जगात सगळीकडे सारखंच. पाच, मोनालिसा गोल्डन रेशोवर, म्हणजे साधारण १.६१८ च्या गुणोत्तरावर, काढलीये म्हणून ती सुंदर.

मी घरी एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांना चित्रकला शिकवते. ही इमेज वाचून आलेली मुलं माझ्यासमोर बसतात तेव्हा तिचा खरा त्रास दिसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितीये.

पहिला मुद्दा, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे. मुलगी लाल घेते, निळा घेते, मिसळते आणि म्हणते, मॅडम जांभळा येतच नाहीये, चॉकलेटीच होतोय, माझंच काहीतरी चुकतंय. तिचं काही चुकत नाहीये. तिच्या हातातला लाल शेंदरी आहे. शेंदरी लाल हा पांढऱ्या उजेडातला निळा भाग जवळजवळ पूर्ण गिळतो, आणि अल्ट्रामरीन, म्हणजे जांभळ्याकडे झुकणारा निळा, हा लाल भाग बऱ्यापैकी गिळतो, मग दोघं एकत्र आले की परत फेकायला उजेड उरतोच किती? म्हणून तो मळकट तपकिरी. त्याच निळ्यात क्रिमसन, म्हणजे गुलाबीकडे झुकणारा लाल, घातला की बरा जांभळा येतो, कारण क्रिमसन लालबरोबर थोडा निळाही परत देतो. हिरव्याचं तसंच, लेमन यलो आणि प्रशियन ब्लू (हिरव्याकडे झुकणारा गडद निळा) यांच्यातनं पोपटी-हिरवा छान येतो, पण केशरीकडे झुकलेला पिवळा आणि अल्ट्रामरीन घेतला तर शेवाळी. म्हणजे नुसतं "लाल" आणि "निळा" म्हणून भागत नाही, कुठला लाल हे सांगावंच लागतं.

आणि "मूळ रंग मिसळून बनत नाहीत" हे तर घरच्या प्रिंटरमध्येच खोटं ठरतं. त्यात लाल शाई नसते, निळीही नसते. सायन (आकाशी निळसर), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी एवढ्याच असतात. मॅजेंटा आणि पिवळी मिळून लाल होतो, सायन आणि मॅजेंटा मिळून निळा. रोजच्या पेपरच्या पानाच्या कडेला चार रंगांचे बारीक ठिपके असतात ना, ते छपाई जुळतीये का बघायला असतात आणि ते याच चार शायांचे.

मोबाईलचा हिशोब आणखी वेगळा. स्क्रीनवर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवून बघा, भिंगासारखा तो लाल, हिरवे, निळे ठिपके दाखवतो. पिवळा ठिपका नाहीच तिथे! तुम्ही स्क्रीनवर पिवळं झेंडूचं फूल बघता तेव्हा लाल आणि हिरवा उजेड एकत्र डोळ्यात जातो आणि डोळा त्याला पिवळा म्हणतो, कारण आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी साधारण तीन प्रकारच्या असतात. याच तत्त्वावर भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६१ मध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधनं फोटो काढून घेऊन एका चौकड्याच्या रिबिनीचा रंगीत फोटो पडद्यावर दाखवला होता.

लाल-पिवळा-निळा हा नियम कुणी उगाच काढलेला नाही हेही सांगायला हवं. ल ब्लाँ नावाच्या माणसाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला याच तीन रंगांच्या प्लेटा वापरून रंगीत छपाई केली, १७२५ च्या सुमारास त्यावर पुस्तक काढलं. पण त्यालाही कधीकधी काळी प्लेट जोडावी लागायची. आणि आपल्याकडे राजा रविवर्म्यांचा प्रेस बघा, १८९४ ला मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे एकेका चित्रासाठी अनेक दगड लागायचे, प्रत्येक रंगाला वेगळा. तिघांत सगळं बनत असतं तर एवढे जड दगड कोण कशाला घासत बसलं असतं?

दुसरा मुद्दा. उजेडाबद्दल बोलत असाल तर काळा म्हणजे उजेड नसणं हे बरोबर आहे, पण मग तोच नियम पूर्ण लावा. इंद्रधनुष्यात गुलाबी नाही, तपकिरी नाही, मॅजेंटाही नाही, मग तेही रंग नाहीत का? तपकिरी म्हणजे तर मंद झालेला नारिंगीच. चित्र काढणाऱ्याच्या हातात रंगद्रव्य असतं, आणि काजळीचा काळा हा इतर रंगांइतकाच खरा रंग आहे. वारली चित्र आठवा, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, बस. जिव्या सोमा मशे यांनी त्या पांढऱ्यात अख्खं गाव, नाच, मासेमारीची जाळी उभी केली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या पांढऱ्याला रंग नाही म्हणायला माझी तरी जीभ उचलत नाही.

तिसरा मुद्दा परीक्षेत सरळ मार्क घालवतो. वस्तुचित्रात लिंबू असेल आणि सावलीसाठी पिवळ्यात काळा घातला तर हिरवट होतो, लिंबू नासल्यासारखं दिसतं. त्याऐवजी यलो ऑकर (मातकट पिवळा) घ्या, नाहीतर पिवळ्यात अगदी चिमूटभर जांभळा. लालमध्ये भरपूर पांढरा घातला तर उजेड येत नाही, गुलाबी येतो. उन्हातली सावली तर काळी नसतेच, तिच्यावर आकाशाचा उजेड पडत असतो म्हणून ती निळसर असते, दुपारी अंगणात पांढरा कागद धरून बघा. आणि छायाभेद बरोबर आलाय का ते तपासायचं असेल तर चित्राचा मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, वस्तू एकमेकीत विरघळल्या तर चूक रंगात नाही, गडद-फिक्यात आहे.

शिवाय रंग शेजाऱ्यामुळेही बदलतो. पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात काळी लोकर फिकी पडते अशी तक्रार होती. तिथला रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा कमजोर दिसत होता, त्यावर त्याने १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. उजेडाचंही तसंच. आपल्या आया-आज्या मॅचिंगच्या दुकानातनं ब्लाउजपीस घेऊन दारात उन्हात जायच्या ते याचसाठी, ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर आल्यावर जुळेलच असं नाही.

चौथा मुद्दा तर आपण मराठी माणसांनी तरी फॉरवर्ड करू नये. काळा अशुभ म्हणता आणि संक्रांतीला हौसेने काळी चंद्रकळा नेसता, नव्या सुनेला, बाळाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालता. पांढरा आपल्याकडे शोकाचा मानतात आणि गोव्यात चर्चमधली नवरी पांढऱ्या गाऊनमध्ये उभी असते. आपली नवरी पिवळी अष्टपुत्री आणि हिरवा चुडा. रंगाचा परिणाम होतोच, पण तो सवयीतनं, हवामानातनं, प्रसंगातनं येतो. अमेरिकेत १९७९ मध्ये एका कोठडीच्या भिंती गुलाबी केल्या, कैदी शांत होतात म्हणून, नंतरच्या प्रयोगांत तो परिणाम काही पक्का सापडला नाही.

पाचव्यावर फार वेळ घालवत नाही. मोनालिसा काढणाऱ्या लिओनार्दोने पाचोली या गणितज्ञाच्या १५०९ च्या पुस्तकासाठी आकृत्या काढल्या होत्या, आणि ते पुस्तक त्याच गुणोत्तरावर होतं, एवढं खरं. मोनालिसा त्या मापाने काढल्याचा पुरावा नाही. त्या गुणोत्तराची म्हणून चित्रांवर ठेवतात ती गोल वळणाची रेघ थोडी सरकवली, लहानमोठी केली तर कुठल्याही फोटोवर बसते, तुमच्या आधार कार्डच्या फोटोवरही.

परीक्षेला बसणाऱ्यांनी तीन डब्यांऐवजी सहा घ्या: लेमन यलो, केशरीकडे झुकणारा पिवळा, शेंदरी लाल, क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू. पांढरा, काळा आहेतच. एका रविवारी जुन्या वहीत चौकोन आखून प्रत्येकाला प्रत्येकाशी मिसळा आणि खाली नावं लिहा. माझ्याकडच्या मुलीने तसं केलं, क्रिमसन-अल्ट्रामरीनच्या चौकोनाशी तिने पेन्सिलीने लिहिलंय, "हाच".