पोटातली डिस्क टेबलावर

हार्ड डिस्क दोन प्रकारच्या असतात, एक इंटर्नल आणि दुसरी एक्स्टर्नल, असं आपल्याला सांगितलं जातं. माझा यावरचा विश्वास आता उडाला आहे. एक्स्टर्नल म्हणून मिरवणाऱ्या डिस्कचं प्लॅस्टिकचं कवच उघडलं की बहुतेक वेळा आत निघते ती साधी इंटर्नलच. तिच्या एका टोकाला बोटभर लांबीचं सर्किट खोचलेलं असतं, एवढाच काय तो फरक. हा फरक कारखान्यावर सोडला तर माणूस सुखात राहतो. तो घरी स्वतःच्या हाताने भरून काढायला निघालं की नाकी नऊ येतात.

आमच्या जुन्या कंप्युटरचा मदरबोर्ड गेला. डिस्क मात्र ठणठणीत. कित्येक वर्षांचे फोटो तिच्यात अडकलेले आणि नवा डेस्कटॉप शेजारीच उभा. भाच्याला फोन लावला.

"त्यात काय मावशी! जुनी काढ, नव्याला जोड, फोटो घे. दहा मिनिटांचं काम आहे."

हे "दहा मिनिटं" म्हणजे कंप्युटरवाल्या मंडळींचं स्वतंत्र काळमापन आहे. त्यात पाहुण्यांचे फोन, हरवलेला स्क्रू ड्रायव्हर आणि "अगं, पण आधी होती तिथे काय वाईट होती?" हा नवऱ्याचा प्रश्न धरलेला नसतो.

डिस्क चार स्क्रूंवर बसवलेली असते. दोन अलीकडच्या बाजूला. ते दिसतात आणि निघतात. उरलेले दोन पलीकडून असतात, आणि तिथे पोचायचं तर कॅबिनेटचा दुसराही पत्रा काढावा लागतो. तो पत्रा कारखान्यातून आल्यापासून कुणी काढलेला नसतो, त्यामुळे तो हलायलाच तयार नसतो. शेवटी तो निघाला, स्क्रूही सुटला, आणि सुटल्यासुटल्या मदरबोर्डखाली गडप झाला. कॅबिनेट उचलून हलवलं की आत खुळखुळतो, म्हणजे आहे. उलटं केलं की गप्प. शिवाय या मोठ्या डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे आणि लॅपटॉपच्या छोट्या डिस्कचे बारीक आट्यांचे, आणि जगातल्या सगळ्या घरांत ते एकाच डबीत ठेवायची पद्धत आहे. दिसायला सारखे. चुकीचा स्क्रू दोन आटे गोडीत जातो आणि मग तिथेच बसतो.

बाहेर आलेल्या डिस्कला "साडेतीन इंची" म्हणतात. मी फूटपट्टी लावली: रुंदी बरोबर चार इंच. लांबी पावणेसहाच्या आसपास. साडेतीन इंच कुठेच नाही. पुढे कळलं की साडेतीन इंच ही त्या जुन्या फ्लॉपीची रुंदी. फ्लॉपीचा ड्राइव्ह अर्थातच तिच्यापेक्षा रुंद, त्या ड्राइव्हसाठी कॅबिनेटमध्ये खण, आणि त्या खणात बसावी म्हणून ही डिस्क तेवढ्या मापाची. फ्लॉपी गेली, खण राहिला, माप राहिलं.

डिस्कच्या वरच्या झाकणावर एक बारीकसं छिद्र होतं आणि शेजारी इंग्रजीत बजावलेलं, हे छिद्र झाकू नका. आतल्या आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते असतं. आतलं हेड, म्हणजे माहिती वाचणारं-लिहिणारं टोक, फिरत्या चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं, आणि आपला एक केस असतो कित्येक हजार नॅनोमीटर जाड. हे वाचल्यावर मी डिस्कजवळ शिंकणंही बंद केलं.

"मग नव्या कंप्युटरच्या आतच का नाही बसवलीस?" असं विचारणारे लोक असतात. त्यांना माझं उत्तर आहे की आजकालच्या सडपातळ कॅबिनेटांत जागा असते फक्त दिव्यांसाठी. आमच्या नव्या कॅबिनेटात मोठ्या डिस्कचा खणच नाही. भाच्याने तोडगा काढला: पत्रा उघडा ठेव, साटाची, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी, लांब केबल आतून बाहेर काढ, डिस्क स्टुलावर ठेव. साटा केबल एक मीटरपर्यंतच चालते. म्हणजे स्टूल, डिस्क, उघडं कॅबिनेट आणि मी, सगळ्यांनी एक मीटरच्या आत नांदायचं. शिवाय डिस्कच्या पोटाखाली तिचं सर्किट उघडं असतं, ते धातूला टेकलं तर शॉर्ट. आमचं स्टूल लोखंडी.

तेव्हा यूएसबीला जोडायची केबल मागवली. खोक्यावर ठळक अक्षरांत "सर्व साटा हार्ड डिस्कसाठी". केबल छान होती. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला साटाची जोड: सात पिनांची माहितीसाठी आणि पंधरा पिनांची विजेसाठी. दोन्हींत इंग्रजी एल आकाराची खाच, म्हणजे उलटी बसणारच नाही अशी सोय. डिस्क जोडली. केबलवरचा निळा दिवा लागला. डिस्क ढिम्म.

विक्रेत्याला फोन केला.

"दिवा लागतोय का मॅडम?"

"लागतोय."

"मग केबल चांगली आहे."

"पण डिस्क फिरत नाहीये."

"दिवा लागतोय ना?"

या संभाषणातून बाहेर पडायला वाट नव्हती. खोक्याच्या तळाशी मुंगीला वाचता येईल अशा अक्षरांत उत्तर छापलेलं होतं: अडीच इंचीसाठी. आणि त्यामागचं कारण असं की यूएसबी पोर्टमधून मिळते 5 व्होल्टची वीज, जुन्या यूएसबी 2.0 मध्ये 500 मिलिअँपिअर, 3.0 मध्ये 900. लॅपटॉपच्या छोट्या, अडीच इंची डिस्कचं तेवढ्यावर भागतं. मोठ्या डिस्कच्या मोटरला लागतात 12 व्होल्ट, आणि गती घेताना दोनेक अँपिअरसुद्धा. यूएसबीने कितीही जीव काढला तरी 12 व्होल्ट तिच्यापाशी नाहीतच. कॅबिनेटच्या आत हे सगळं एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी पेटी, निमूटपणे पुरवत असतं. पिवळ्या तारेत 12, लाल तारेत 5, काळ्या तारा परतीच्या. इतकी वर्षं तो बिचारा हे करत होता आणि आम्ही त्याला फक्त "आवाज फार करतो" म्हणून नावं ठेवली.

"अगं, मग जुन्या कॅबिनेटचं एसएमपीएस वापर," भाचा उत्साहाने म्हणाला. "मदरबोर्डच्या मोठ्या प्लगमध्ये एक हिरवी तार असते. ती आणि शेजारची काळी कागदाच्या क्लिपने जोडली की एसएमपीएस सुरू होतं."

"कागदाच्या क्लिपने?"

"सगळे करतात."

तो म्हणाला ते खरं आहे, तसं सुरू होतं. पण सगळे करतात त्या सगळ्यांत मला जायचं नव्हतं. मी फोन ठेवला आणि स्वतःच्या अडॅप्टरसकट येणारा डॉक मागवला. त्यात डिस्क उभी खोचायची, अडॅप्टर भिंतीत लावायचा, यूएसबी कंप्युटरला. म्हणजे अखेर मी तेच बोटभर सर्किट विकत घेतलं, मोठ्या खोक्यातून. त्याचा अडॅप्टर एवढा धिप्पाड की एक्स्टेंशन बोर्डवर त्याने शेजारचं सॉकेटही व्यापलं. तिथे राउटर होता. म्हणजे डिस्क सुरू असेल तेव्हा इंटरनेट बंद, आणि इंटरनेट सुरू करून उपाय वाचायचे तर डिस्क बंद.

हा पसारा पाहून नवरा म्हणाला की डिस्क अशी उघड्यावर ठेवायची वस्तूच नाही. इथे मला इतिहास कामी आला. 1956 साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावत होते सुमारे 5 एमबी. म्हणजे आज फोनमधला एखादा फोटो. ती कपाटाएवढी डिस्क कंप्युटरच्या पोटात जाणं शक्यच नव्हतं, ती शेजारीच उभी असे. तेवढेच 5 एमबी छोट्या कंप्युटरच्या पेटीत मावायला 1980 उजाडलं. तेव्हा मूळची वहिवाट बाहेरचीच. नवरा म्हणाला, "पण आपल्या टेबलावर नव्हती ना ती." या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डॉकचं बटण दाबलं. आतून एक बारीक शीळ चढत गेली आणि एका सुरावर स्थिरावली. मिनिटाला 7200 फेरे. म्हणजे चकतीच्या कडेचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे, आणि तेही माझ्या चष्म्याच्या घराशेजारी. अशी फिरती डिस्क हातात घेऊन कलवायला गेलं तर ती मनगटाला चक्क विरोध करते, आपल्याला हवं तिकडे वळत नाही. असा प्रयोग करू नये. भाच्याने केला होता, त्याच्याच डिस्कवर, त्या डिस्कबद्दल तो आता बोलत नाही.

कंप्युटरने "टिंग" केलं. आता फोटो दिसणार म्हणून सगळे जमले. पडद्यावर एक नवा ड्राइव्ह आला, एकूण आकार 100 एमबी, आत काही नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं तर ती विंडोजने स्वतःच्या सामानासाठी राखून ठेवलेली चिमुकली खोली होती. मोठ्या खोलीला अजून अक्षरच (सी, डी असं ड्राइव्हचं) मिळालेलं नव्हतं. पण हे कळेपर्यंतच्या अर्ध्या तासात घरात जी शांतता होती ती मला पुन्हा नको.

तेवढ्यात विंडोजने विचारलं: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का?

हा प्रश्न इतक्या सहजपणे विचारलेला असतो! विंडोजला जे वाचता येत नाही ते पुसून टाकायची तिची तयारी असते, आणि त्यासाठी फक्त माझं "हो" तिला हवं असतं. भाच्याने पूर्वी कधीतरी "शिकायला" म्हणून त्या डिस्कच्या एका तुकड्यावर लिनक्स ही विंडोजहून वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली होती. विंडोजला ती लिपी येत नाही, म्हणून ती पाटीच पुसायला निघाली होती. "नाही" म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडून मोठ्या भागाला अक्षर दिलं, आणि बाकी कुठल्याही चौकटीला, ती कितीही अदबीने विचारत असो, हो म्हणायचं नाही असं चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलं. ती चिठ्ठी कंप्युटरपेक्षा जास्त घरच्यांसाठी होती.

अक्षर मिळाल्यावर डिस्क उघडली. सगळे तुकडे मिळून 931 जीबी. खोक्यावर एक टीबी. ही चोरी नाही. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या. दोघेही आपल्या जागी बरोबर, आणि 69 जीबी कुणाच्याच पदरात नाहीत.

आत माझ्या नावाचा फोल्डर. त्यावर डबल क्लिक केलं तर निरोप आला: या फोल्डरमध्ये जाण्याची तुम्हाला सध्या परवानगी नाही. माझ्याच नावाच्या फोल्डरमध्ये! यावर भाच्याने सांगितलं की विंडोज माणसाला नावाने ओळखतच नाही, प्रत्येक खात्याला एक लांबलचक नंबर असतो. जुन्या कंप्युटरवरची मी निराळ्या नंबरची होते, नव्यावरची मी निराळी. "तू कंटिन्यू दाब, ती तुला परवानगी देईल." म्हणजे अडवणारी तीच आणि सोडणारी तीच. कंटिन्यू दाबलं. एक हिरवी पट्टी इतकी सावकाश सरकू लागली की बहुधा प्रत्येक फोटोला विचारलं जात असावं, ही बाई तुझ्या ओळखीची आहे का.

मग कॉपी. उरलेला वेळ 3 तास. मग 40 मिनिटं. मग 2 दिवस. मोठा व्हिडिओ आला की डिस्क सुसाट सुटते, आणि बारीकसारीक हजारो फाइली आल्या की हेडला चकतीवर इकडून तिकडे धावावं लागतं आणि वेग बसतो. विंडोज त्या क्षणीच्या वेगावरून भविष्य सांगते. केबल समोरच्या काळ्या, यूएसबी 2.0 च्या पोर्टमधून काढून मागच्या निळ्या, 3.0 च्या पोर्टला लावली तेव्हा काम खरंच झपाट्याने होऊ लागलं. त्यासाठी टेबलाखाली आडवं व्हावं लागलं, आणि तिथे मला तो हरवलेला स्क्रू सापडला. आता तो कशालाच लागणार नव्हता.

मी तिथून उठले आणि नवऱ्याला लक्ष ठेवायला बसवलं. इथे एक सांगायला हवं की त्या डिस्कमध्ये त्याने कधीकाळी लिहायला घेतलेल्या आत्मचरित्राची पहिली चार प्रकरणं होती. ती कुणीही शोधत नव्हतं. तोही नाही, कारण तो विसरला होता.

कॉपी संपली. डिस्क सुरक्षितपणे काढण्याच्या खुणेवर क्लिक केलं. विंडोज म्हणाली, हे उपकरण सध्या वापरात आहे. सगळ्या खिडक्या बंद केल्या. तरी वापरात. भाच्याला फोन.

"एखादी फाइल उघडी असेल, मावशी. खाली पट्टीत बघ."

खाली पट्टीत, दडवून ठेवलेली, एक वर्डची फाइल होती. "प्रकरण 1". मी नवऱ्याकडे पाहिलं.

"बंद करू नकोस," तो म्हणाला. "सेव्ह केलेलं नाही. आणि डिस्क काढू नकोस, पाचवं सुचतंय."

"पण कॉपी झालीये ना! नव्या कंप्युटरवर लिही."

"तिथलं प्रकरण जुनं आहे. मी यात सुधारणा केल्यात."

सध्या डॉक टेबलावरच आहे. राउटर जेवणाच्या वेळी लावतो.