भाच्याचं यीस्ट आणि मामाची झोप

भाचा बेल्जियममध्ये गेंटला नोकरीला आहे आणि हौस म्हणून घरी बिअर करतो. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं. तो जेवून निवांत होतो तेव्हा सांगलीत बारा वाजत आलेले असतात. नेमका तेव्हाच फोन येतो, "मामा, चिमेचं घेऊ की वेस्टमालेचं?"

म्हणजे यीस्ट, बिअर आंबवणारं. चिमे आणि वेस्टमाले हे तिकडचे बिअर करणारे मठ. मला विचारायचं कारण एवढंच, की मी मार्केट यार्डात बेदाण्याचे सौदे करतो. चव-वास मला कळतो असा त्याचा समज आहे.

माल्ट, हॉप्स, साखर त्याचं चुटकीसरशी ठरतं. गाडी अडते ती यीस्टपाशी. या बिअरना केळ्याचा नि लवंगेचा वास येतो, पण आत ना केळं असतं ना लवंग. आयसोअमाइल असिटेट नावाचं केळ्याच्या वासाचं द्रव्य यीस्टच तयार करतं, लवंगेचा वासही त्याचाच उद्योग. त्यात पाकिटावर मठाचं नाव नाही, आकडा असतो. 1214 म्हणजे चिमेच्या घराण्यातलं, 3787 वेस्टमालेचं, 1388 ड्युव्हेल नावाच्या बिअरचं, हे शौकिनांनी आपापसात ठरवलेलं. त्यामुळं मी अंधारात, हळू आवाजात, "1214 नको, 3787 लाव" असं बोलत असतो. एका रात्री ही उठून बसली. "अहो, या वयात मटका?"

माझी आई माळकरी. चिमेच्या मठात फादर थिओडोर यांनी 1948 साली यीस्ट वेगळं काढलं, हे भाचा स्पीकरवर सांगत होता, ते तिनं ऐकलं.

"साधू दारू करतात?"

"करतात आजी. त्यावर मठ चालतो."

आई बराच वेळ गप्प. मग त्यानं सांगितलं, की वेस्टव्लेटरेनच्या साधूंकडं स्वतःचं यीस्ट नाही, ते वेस्टमालेहून आणतात. आता आईचा जीव रमला. "विरजण शेजारून आणतात, त्यात काय एवढं? पण दूध कोमट किती ठेवतात ते विचार."

माझ्या मते सगळी गोम तिथंच आहे. वेस्टमालेत तापमान वीस अंशांच्या आसपास धरून ठेवतात, वेस्टव्लेटरेनला तेच यीस्ट अठ्ठावीसपर्यंत चढू देतात. यीस्ट एक, बिअर दोन. पण हे भाच्याला कोण सांगणार? तो घराणीच बघत बसलेला. (बेदाण्यातही असली गिऱ्हाइकं येतात. माल तोंडात टाकायच्या आधी गाव विचारतात.)

शेवटी त्यानं घेतलं तिसरंच. 3724, ड्युपाँत नावाच्या बिअरच्या कारखान्याचं, सेझाँ करायला. सेझाँ ही बेल्जियमच्या वालोनिया भागातली शेतावरची बिअर, शेतमजुरांसाठी केलेली. हे यीस्ट उन्हातला गडी आहे, त्याला तीस अंशांच्या वर ऊब लागते, नाहीतर अर्ध्यात काम टाकून बसतं. गेंटच्या खोलीत अठरा अंश. व्हायचं तेच झालं. साखर किती उरली ते दाखवणारा हायड्रोमीटर 1.035 वर जो अडला तो हलेना. भाच्यानं मला रोज रात्री बिअरच्या बादलीच्या झाकणावरचा एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी नळी, दाखवायला सुरुवात केली. मी डोळे ताणून बघायचो. बुडबुडा काही यायचा नाही.

"इथं आण, मे महिन्यात एका दिवसात उरकेल," असं तोंडावर आलं होतं, पण महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय घरी बिअर करायची सोय नाही. म्हणजे सांगलीत ऊन फुकट, पण यीस्टला बंदी.

मग त्यानं परदेशी जाताना हिनं दिलेली सोलापुरी चादर बादलीला गुंडाळली, खाली हीटर लावला आणि कौतुकानं मला फोटो पाठवला. तो हिनं पाहिला. ती चादर दोन दुकानं पालथी घालून घेतलेली होती. हिनं फोन हिसकावून त्याला असा झाडला, की मी पांघरूण तोंडावर घेतलं.

तेव्हापासून भाचा मामीलाच फोन करतो. मी दहाला झोपतो. परवा मध्येच जाग आली तर ही स्वयंपाकघरात उभी राहून सांगत होती, "हे बघ, थंडीत 3724 च्या नादी लागू नकोस. 3711 घे, ते अडून बसत नाही."