सेक्रेटरी बदलले, मार्च बदलला नाही

निपाणी भागातील एका लहान पतसंस्थेच्या संचालक मंडळावर मी नऊ वर्षे होतो. त्या काळात आम्ही तीन सेक्रेटरी नेमले. पहिला मऊ होता म्हणून दुसरा कडक आणला, तो सभासदांशी फार तोडून बोलतो म्हणून तिसरा आणला. तिघांच्याही काळात ३१ मार्चला थकबाकी आटोक्यात दिसे, दिवाळीपर्यंत ती पुन्हा फुगलेली असे आणि एकूण येणे कर्ज मात्र वर्षागणिक वाढतच जाई. माणूस बदलूनही ताळेबंद तसाच निघतो, तेव्हा दोष माणसापेक्षा मांडणीत असावा, ही शंका आम्हाला यायला सात वर्षे लागली.

आमचे बहुतेक कर्जदार ऊस पिकवणारे. ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत बिल मिळावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो; प्रत्यक्षात आमच्या सभासदांचे पैसे अनेकदा एप्रिल-मे उजाडल्यावरच हाती पडत. संस्थेचे वर्ष मात्र मार्चअखेरीस संपे. मग सभासद पाहुण्यांकडून किंवा सावकाराकडून आठ-दहा दिवसांच्या बोलीने पैसे उचलून कर्ज भरे आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात आम्हीच त्याला, थकलेले व्याज सामावेल इतक्या वाढीव रकमेचे, नवे कर्ज मंजूर करत असू. याला सगळीकडे ‘जुने-नवे’ म्हणतात. कागदोपत्री वसुली झाली, पण संस्थेत नवा रुपया आला नाही आणि सभासदाच्या डोक्यावर सावकाराचे व्याज तेवढे वाढले. पुढच्या वर्षी हप्ता मोठा, म्हणून थकण्याची भीती अधिक, म्हणून मार्चमध्ये आमचा रेटा अधिक, म्हणून पुन्हा जुने-नवे. सेक्रेटरी जितका कडक, तितके हे चक्र जोरात फिरे. वसुलीसाठी आम्ही जो उपाय करत होतो, तोच थकबाकी वाढवत होता.

सिस्टीम्स थिंकिंग, म्हणजे व्यवस्था-विचार, हा शब्द मी ऐकला तो त्यानंतर. दोष एकेका माणसात न शोधता, व्यवस्थेचे भाग एकमेकांवर कसे परिणाम करतात ते पाहायचे, असा हा विचार. त्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, अमेरिकेतील जे फॉरेस्टर, हे मूळचे विद्युत अभियंते; १९५६ मध्ये ते एमआयटी या तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या व्यवस्थापन शाखेत गेले. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतील घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत काही वर्षे कामगार पुरत नसत आणि त्यानंतर काही वर्षांनी निम्म्यांना घरी बसवावे लागे. व्यवस्थापनाला हा बाजाराच्या तेजी-मंदीचा खेळ वाटे. फॉरेस्टर यांनी कामगारभरती आणि मालसाठा यांविषयीचे कारखान्याचे नियम समजून घेतले, वहीवर पेन्सिलीने आठवड्यामागून आठवड्याचे हिशेब मांडले आणि दाखवून दिले की बाहेरची मागणी स्थिर राहिली, तरी हे हेलकावे त्या नियमांतूनच उपजू शकतात. ते वाचताना मला आमचा मार्च आठवला.

याच विचाराच्या अभ्यासक डोनेला मेडोज यांनी व्यवस्थेत कुठे हात घातला तर काय बदलते, याच्या १२ जागा क्रमाने सांगितल्या आहेत. त्यांत आकडे आणि दर वर-खाली करणे ही त्यांनी सर्वांत दुबळी जागा मानली. माहिती कोणापर्यंत पोहोचते, नियम काय आहेत आणि उद्दिष्ट कोणते आहे, या जागा तिच्याहून कितीतरी प्रभावी. आम्ही शेवटी दोनच गोष्टी केल्या. मासिक पत्रकात, भरल्यानंतर ३० दिवसांच्या आत पुन्हा वाटप झालेली रक्कम वगळून उरणारी वसुली वेगळी दाखवायला लावली. आणि ऊसकर्जाच्या परतफेडीची मुदत जूनपर्यंत नेली. पहिल्या पत्रकातला आकडा इतका विद्रूप होता की हा कागद बाहेर गेला तर ठेवीदार रांग लावतील, असे एका संचालकांनी बैठकीत बजावले. त्यांची भीती खोटी नव्हती. तरीही त्या दिवशी आम्ही आमची संस्था प्रथमच पाहिली, असे मला वाटते.

आता मी बेळगावच्या वडगावात राहतो आणि इथे तेच चित्र पाण्यात दिसते. शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या ज्या शिवारात बेळगावची बासमती पिकते, त्या शिवारात जोराच्या पावसानंतर बळ्ळारी नाल्याचे पाणी चढते, भात कुजते आणि दुबार पेरणीची वेळ येते. दरवर्षी आपण नाल्यातील गाळ काढण्याचे निवेदन देतो. माझीही त्यावर सही असते आणि यंदाही असेल. परंतु ही मागणी अर्धी आहे. शहरात काँक्रीटची गटारे झाली, अंगणांत फरशी आली, आड-विहिरी बुजल्या. यातले प्रत्येक काम ज्याने केले त्याच्या दृष्टीने यशस्वीच आहे, कारण त्याच्या दारातले पाणी लवकर गेले. ते गेले कुठे, हा प्रश्न त्याच्या फाइलीत नसतो. सांडपाण्यावर जलपर्णी पोसते, जलपर्णीने प्रवाह मंदावतो, मंद प्रवाहात गाळ बसतो आणि उथळ झालेल्या नाल्यात जलपर्णी आणखी माजते. मे महिन्यात गाळ उपसून काठावरच टाकला, तर पहिल्या दोन मोठ्या पावसांत त्यातला बराचसा पुन्हा आत उतरतो. ठेकेदाराचे बिल निघते, शेरा ‘काम पूर्ण’ असा पडतो आणि तो खोटाही नसतो.

एक सावधगिरी. हा विचार अलीकडे हॉटेलांतील प्रशिक्षण वर्गांत बाणांच्या आकृत्यांसह शिकवला जातो आणि तिथून परतलेली माणसे ‘सगळे सगळ्याशी जोडलेले आहे’ असे म्हणून हात झटकतात. सगळे जोडलेले असेल, तर जबाबदार कोणीच नाही, ही त्यातली सोयीची पळवाट आहे. आमच्या पतसंस्थेत जुने-नवे मंजूर करणाऱ्या ठरावांवर सह्या आमच्या होत्या, माझीही होती.

यंदा जूनपासून शिवारातील आम्ही सात-आठ जण एक वही ठेवणार आहोत. शहरात पाऊस केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला आणि बांधावर पाणी किती तासांनी चढले, एवढेच त्यात लिहायचे. जुन्या लोकांच्या सांगण्याप्रमाणे पूर्वी पाणी चढायला रात्र जाई; आता संध्याकाळचा पाऊस जेवणे होईपर्यंत शेतात येतो. हे अंतर खरोखर किती आटले आहे, हे तासांत मांडता आले, तर पुढच्या निवेदनात गाळाबरोबर शहरातील गटारांविषयीही विचारता येईल. ज्यांची शेते नाल्याच्या वरच्या अंगाला, अनगोळकडे आहेत, त्यांनीही अशी नोंद ठेवली, तर दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहता येतील.