पायथन उडवू नका, दोष तिथे नाही

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पांडाज हे तक्त्यांतला डेटा हाताळणारं पॅकेज (तयार कोडचा संच) इम्पोर्ट करताना, म्हणजे वापरायला घेताना, ‘डीटाइप साइझ चेंज्ड, ९६ अपेक्षित, ८८ मिळाले’ अशी एरर आली की पायथन बिघडलं, ते काढून नव्याने टाका, असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. तीच पॅकेजं पुन्हा घातलीत, तर एररही तीच येणार.

हे आकडे बाइट्सचे आहेत. पांडाज ज्यावर उभं आहे, त्या नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजची २.० जून २०२४ मध्ये आली, २००६ नंतरची पहिलीच मोठी आवृत्ती. तिच्यात डीटाइपची, म्हणजे डेटाचा प्रकार नोंदवणाऱ्या भागाची, आतली रचना आटोपशीर झाली, ९६ ची ८८. जुन्या नमपायवर कम्पाइल केलेलं (मशीनच्या भाषेत उतरवलेलं) पांडाज मात्र अजून ९६ च धरून बसलेलं असतं.

म्हणून पांडाज २.२.२ किंवा त्यापुढचं घ्या. जुनंच ठेवणं भाग असेल, तर नमपाय २ च्या खाली ठेवा. मी पहिला मार्ग धरतो, कारण नमपाय २.० वर कम्पाइल केलेली पॅकेजं सहसा नमपाय १ च्या अलीकडच्या आवृत्त्यांवरही चालतात. उलट दिशेने तसं होत नाही.

आणि हो, नोटबुकमध्ये कोड चालवत असाल, तर नंतर त्याचा कर्नल (मागे कोड चालवणारा प्रोग्राम) रीस्टार्ट करा. मेमरीत जुनंच नमपाय असतं, आणि आपण उगाच पिपला (पॅकेजं घालणाऱ्या साधनाला) शिव्या घालतो.