दोन सेकंद थांबवल्याने स्क्रिप्टची एरर जात नाही

वेबसाइट बनवायला शिकणाऱ्यांच्या हाती एक सल्ला हमखास पडतो: “पान लोड होताना कन्सोलमध्ये एरर येतायत? सगळ्या स्क्रिप्टना असिंक लावा. तरी येतायत? सगळा कोड विंडो.ऑनलोडमध्ये घाला. तरीही? सेटटाइमआउट, दोन सेकंद. शेवटी विंडो.ऑनएररमधून ट्रू परत करा, कन्सोल साफ.” (कन्सोल म्हणजे ब्राउझर जिथे एरर दाखवतो ती खिडकी.) यातला एकही उपाय मूळ कारणाला हात लावत नाही, आणि पहिला तर नव्या एरर आणतो.

आधी कारण. ब्राउझर एचटीएमएल वरून खाली वाचत जातो. वाटेत साधा स्क्रिप्ट टॅग आला की वाचन थांबतं, फाइल उतरते, चालते, मगच पुढची ओळ. समजा हेडमधली (पानाच्या वरच्या भागातली) स्क्रिप्ट आयडीवरून घटक शोधणाऱ्या गेटएलिमेंटबायआयडीने ‘पैसे भरा’ हे बटण मागते आणि ते बटण बॉडीत 40 ओळी खाली आहे. तिथवर वाचन पोचलेलंच नसतं, म्हणून हाती येतं नल, म्हणजे ‘काहीच नाही’. त्या नलवर ॲडइव्हेंटलिसनर (क्लिकसारखी घटना घडली की चालायचा कोड, म्हणजे लिसनर, जोडणारं फंक्शन) बोलावलं की क्रोम सांगतो, ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल’. ती स्क्रिप्ट तिथेच थांबते. खालच्या 200 ओळी, समजा मेनूच्या, निर्दोष असल्या तरी चालत नाहीत. चूक बटणाची असते आणि बंद पडतो मेनू, आणि मग माणूस मेनूचा कोड तपासत बसतो.

“सगळ्यांना असिंक लावा.” असिंकचा अर्थ एवढाच, की फाइल उतरली की लगेच चालव. पान वाचून झालं का, आधीची फाइल आली का, याची तो वाट पाहत नाही. जेक्वेरी ही तयार कोडची लायब्ररी गझिप केल्यावर (दाबून लहान केल्यावर) साधारण 30 केबी भरते आणि तिच्यावर चालणारं प्लगइन 3 केबीचं असतं. दोघांनाही असिंक लावलं तर प्लगइन आधी पोचू शकतं, आणि ‘डॉलर इज नॉट डिफाइन्ड’ ही एरर येते (डॉलर हे जेक्वेरीचं छोटं नाव). तुमच्या मशीनवर दोन्ही फाइली कॅशमध्ये (ब्राउझरने आधीच साठवलेल्या) असल्याने क्रम बहुतेक वेळा जुळतो, पहिल्यांदा येणाऱ्या ग्राहकाकडे बिघडतो. ही एरर कधी येते, कधी येत नाही, आणि त्यामुळेच ती शोधायला सगळ्यात अवघड.

इथे हवा असतो डिफर. फाइल मागे उतरत राहते, वाचन थांबत नाही, पान वाचून झाल्यावर फाइली लिहिलेल्या क्रमाने चालतात आणि त्यानंतरच डॉमकंटेंटलोडेड, म्हणजे ‘पान वाचून झालं’ सांगणारा इव्हेंट, सुटतो. मात्र डिफर फक्त एसआरसी (बाहेरच्या फाइलीचा पत्ता) असलेल्या टॅगला लागू होतो. पानातच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टवर ब्राउझर तो दुर्लक्षित करतो. जेक्वेरीला डिफर लावला आणि बॉडीत डॉलर वापरणारा तुकडा तसाच ठेवला, तर तो तुकडा जेक्वेरीच्या आधी चालून फुटणारच. तो वेगळ्या फाइलीत काढून तिलाही डिफर लावा, नाहीतर डॉमकंटेंटलोडेडच्या लिसनरमध्ये गुंडाळा. असिंक आणि डिफर दोन्ही एकाच टॅगवर लिहू नका, असिंक जिंकतो. असिंकची जागा कोणावरही अवलंबून नसलेल्या स्क्रिप्टला, उदाहरणार्थ भेटी मोजणाऱ्या.

“ऑनलोडमध्ये घाला.” एरर जाते हे खरं, पण ऑनलोड सगळी चित्रं, स्टाइलशीट आणि आयफ्रेम (पानात बसवलेली दुसरी पानं) येईपर्यंत थांबतो. तोवर फॉर्म दिसत असतो. सबमिट दाबलं की हँडलर (ते दाबल्यावर चालायचा कोड) अजून जोडलेला नसल्याने फॉर्म जुन्या पद्धतीने सबमिट होतो, पान नव्याने लोड होतं आणि भरलेलं सगळं जातं. शिवाय विंडो.ऑनलोडला दुसऱ्या फाइलीने पुन्हा काही दिलं की पहिलं पुसलं जातं. डॉमकंटेंटलोडेड चित्रांसाठी थांबत नाही, आणि त्याला कितीही लिसनर जोडता येतात. एक सापळा आहे: इव्हेंट सुटून गेल्यावर लिसनर जोडला तर तो कधीच चालत नाही, आणि कन्सोलमध्येही काही दिसत नाही. म्हणून उशिरा येऊ शकणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आधी डॉक्युमेंट.रेडीस्टेट पाहा. ‘लोडिंग’ असेल तर लिसनर जोडा, नसेल तर फंक्शन थेट बोलवा.

“सेटटाइमआउट, दोन सेकंद.” सेटटाइमआउट कोड ठरावीक वेळाने चालवतो. हा आकडा ती ओळ चालल्यापासून मोजला जातो, पानाशी त्याचा संबंध नाही. ऑफिसच्या फायबरवर दोन सेकंद फुकट जातात, एसटीत बसलेल्याच्या मोबाइलवर ते पुरत नाहीत. ज्याची वाट पाहायची त्याचाच इव्हेंट धरा: स्क्रिप्ट टॅगचा लोड, चित्राचा लोड. कोडमधून टॅग तयार करून स्क्रिप्ट जोडत असाल तर ती आपोआप असिंक असते. क्रम हवा असेल तर टॅग पानात घालण्याआधी असिंक फॉल्स करा. आणि घटक नंतर कधीतरी पानात येणार असेल, तर लिसनर डॉक्युमेंटवर लावून क्लिक कुठून आला ते क्लोजेस्टने (घटकापासून वर जात जुळणारा घटक शोधणाऱ्या फंक्शनने) तपासा.

एचटीएमएलमध्येच ऑनक्लिक लिहिलं असेल, तर फाइल यायच्या आत क्लिक झाल्यावर ‘इज नॉट डिफाइन्ड’ येतं. पैशांच्या बटणाला सुरुवातीला डिसेबल्ड ठेवा आणि हँडलर जोडून झाल्यावर डिसेबल्ड काढा. शोधाच्या फॉर्मला मात्र खरा ॲक्शन पत्ता द्या, म्हणजे स्क्रिप्ट आलीच नाही तरी शोध चालेल.

“ऑनएररमधून ट्रू परत करा.” ऑनएरर म्हणजे न पकडलेली एरर आली की ब्राउझर बोलावतो ते फंक्शन. एरर तिथे पोचते तेव्हा स्क्रिप्ट थांबलेली असते. ट्रूने फक्त कन्सोलमधली ओळ जाते, बटण मेलेलंच राहतं. हे गैर आहे, कारण दुरुस्त करणाऱ्याच्या हातातला एकमेव धागा तुम्ही तोडता. ऑनएररमधून संदेश, फाइल, ओळ, स्तंभ आणि एरर ऑब्जेक्ट स्वतःच्या सर्व्हरवर नोंदवा. दुसऱ्या डोमेनच्या फाइलीतल्या एररबद्दल नुसतं ‘स्क्रिप्ट एरर’ एवढंच मिळतं. तपशिलासाठी टॅगवर क्रॉसओरिजिन ॲनॉनिमस लागतं आणि त्या सर्व्हरकडून ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन हा हेडर (फाइलीसोबत येणारी, दुसऱ्या डोमेनला परवानगी देणारी ओळ). हेडर नसताना क्रॉसओरिजिन लावलं तर फाइल लोडच होत नाही. स्क्रिप्टची फाइल उतरलीच नाही, ही एरर विंडो.ऑनएररपर्यंत येत नाही. ती पकडायला विंडोवर ‘एरर’ इव्हेंटचा लिसनर जोडताना ॲडइव्हेंटलिसनरचा तिसरा आर्ग्युमेंट ट्रू द्यावा लागतो.

दुरुस्ती टिकली का हे पाहायला क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा, ‘डिसेबल कॅश’वर खूण करा, थ्रॉटलिंगमधून (नेटचा वेग मुद्दाम कमी करणाऱ्या यादीतून) 3जी निवडा आणि पान रिफ्रेश करा. बटण दिसताक्षणी, पान लोड व्हायची वाट न पाहता, ते दाबा. मग प्रत्येक स्क्रिप्ट फाइल आळीपाळीने ब्लॉक करून तेच पुन्हा करा.